वॉफल मेकर घेताय? आधी वाफेचं गणित समजून घ्या

आता पुण्या-मुंबईबाहेर, जिल्ह्याच्या गावांतही वॉफलची, म्हणजे तापलेल्या नक्षीदार साच्यात भाजलेल्या खड्ड्याखड्ड्यांच्या पदार्थाची, दुकानं दिसू लागली आहेत. एका वॉफलला दीडशे-दोनशे रुपये सहज जातात. घरात दोन मुलं असतील तर महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी म्हणतंच, "त्यापेक्षा मशीनच घेऊन टाकू." मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि तिथे डोकं चक्रावतं. हजार-दीड हजारांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत किमती. एकावर 750 वॉट लिहिलेलं, दुसऱ्यावर 1200. 'डीप पॉकेट', 'फ्लिप', 'पीएफओए-फ्री', '3-इन-1' असे शब्द. खाली अभिप्राय वाचावेत तर एकाच मशीनबद्दल एकजण म्हणतो अप्रतिम, दुसरा म्हणतो पहिल्याच दिवशी सगळं चिकटलं.

या गोंधळातून वाट काढायला माझ्या मते एकच प्रश्न पुरतो. हे मशीन मिश्रणातलं पाणी किती जोरात वाफ करून बाहेर घालवू शकतं? वॉटचा आकडा, मशीनचं वजन, खड्ड्यांची खोली, मिश्रणातलं कॉर्नफ्लोअर, झाकण कधी उघडायचं, सगळं याच एका गोष्टीशी बांधलेलं आहे. ती कळली की मशीन निवडता येतं आणि बिघडलेलं वॉफल का बिघडलं तेही समजतं.

## वॉफल आलं कुठून

दोन तापलेल्या, नक्षीदार लोखंडी पत्र्यांच्या मध्ये पीठ दाबून भाजायची पद्धत युरोपात मध्ययुगापासून आहे. लांब दांड्यांचा चिमटा, त्याच्या टोकाला बिजागरीने जोडलेले दोन पत्रे, आणि तो चिमटा सरळ चुलीच्या जाळावर धरायचा. अमेरिकेत ट्रॉय या गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी 24 ऑगस्ट 1869 रोजी शेगडीवर ठेवून उलटता येणाऱ्या वॉफलच्या साच्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत आजही त्या तारखेला वॉफल दिवस पाळतात. विजेवर चालणारी मशीन विसाव्या शतकात आली, पण मूळ रचना तीच राहिली.

आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर 'बेल्जियन' हा शब्द असतो. खुद्द बेल्जियममध्ये मात्र त्या नावाचा एकच पदार्थ नाही. ब्रसेल्सचं वॉफल आयताकृती, खोल खड्ड्यांचं आणि हलकं असतं. त्याचं मिश्रण परंपरेने यीस्ट घालून फुगवतात. लिएजचं वॉफल घट्ट मळलेल्या पिठाचं. त्यात साखरेचे टपोरे खडे घालतात, ते भाजताना वितळून वरून कॅरमलचा थर धरतात. ब्रसेल्सच्या प्रकाराला 1964च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मोठी लोकप्रियता मिळाली. मोरीस वर्मर्श यांच्या कुटुंबाने तिथे ते स्ट्रॉबेरी आणि फेटलेली क्रीम घालून विकलं, आणि खोल खड्ड्यांचं ते बेल्जियन असं समीकरण अमेरिकेत रुजलं. पुढे यीस्टची जागा बऱ्याच ठिकाणी बेकिंग पावडरने घेतली. घरी करायला हाच प्रकार सोपा, म्हणून पुढचं सगळं विवेचन त्याबद्दल आहे.

नॉर्वेत तर वॉफल पातळ, हृदयाच्या आकाराचं आणि मऊच असतं. तिथे ते जॅम किंवा तपकिरी चीज लावून दुमडून खातात. तेव्हा मऊपणा हा दोष आहे की नाही, हे तुम्ही कोणतं वॉफल करायला निघालात त्यावर ठरतं. आपल्याकडे मात्र ज्याला विचारावं त्याला बाहेरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार असंच हवं असतं.

## झाकणाखाली काय घडतं

शंभर ग्रॅम मिश्रणात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. दूध, अंडी, दही यांतून ते आलेलं असतं. आता एक साधं गणित पाहू. एक ग्रॅम पाणी 25 अंश सेल्सिअसपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 75 कॅलरी उष्णता लागते. त्याच एक ग्रॅम पाण्याची 100 अंशांवर वाफ करायला आणखी 540 कॅलरी लागतात. म्हणजे पाणी तापवण्याच्या सातपट उष्णता ते उडवण्यात खर्च होते.

या आकड्याचा परिणाम फार मोठा आहे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या आसपासच अडकून राहतं, कारण येईल ती उष्णता वाफ खाऊन टाकते. आणि खमंग तपकिरी रंग यायला तर पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो. त्या तापमानाला पिठातली प्रथिनं आणि शर्करा यांची एकमेकांशी प्रक्रिया वेगाने होऊ लागते. तिला मायार प्रक्रिया म्हणतात. पावाचा कडा, भाजलेला कांदा, खरपूस भाकरी यांचा वास तिथूनच येतो. पण आधी पृष्ठभाग कोरडा झाला पाहिजे, मगच ही प्रक्रिया.

पत्रे पुरेसे तापलेले आणि जाड असतील तर मिश्रण पडल्या पडल्या बाहेरचा थर झटकन सुकतो, आतलं पाणी वाफ होऊन मिश्रण फुगवतं आणि कडेने बाहेर पडतं. पत्रे थंड किंवा पातळ असतील तर मिश्रण ओतताच त्यांचं तापमान कोसळतं. मग पाणी हळूहळू, रेंगाळत उडतं. तोवर आतला भाग कोरडा पडतो आणि वरचं कवच मात्र बनतच नाही. फिकट, वातड वॉफल हातात येतं ते यामुळे.

चिकटण्याचं कारणही हेच. ओला स्टार्च आणि प्रथिनं धातूला धरून बसतात. थर सुकला की पकड सुटते. बिडाच्या तव्यावर घावन घालणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तवा नीट तापला नसेल तर पहिलं घावन तव्याला बसतं, आणि तापलेल्या तव्यावरचं घावन शिजलं की कडा आपणहून सोडतं. वॉफलमध्ये हेच वर-खाली दोन्ही बाजूंनी घडतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

## मशीन घेताना वॉट आणि वजन

वॉट म्हणजे मशीन दर सेकंदाला किती उष्णता देऊ शकतं त्याचं माप. घरगुती मशीन साधारण 700 ते 1200 वॉटची असतात. एका वेळी एकच वॉफल करणाऱ्याला 700-800 पुरतात. दोन किंवा चार करणारं मशीन असेल आणि वॉट तेवढेच असतील, तर तीच उष्णता जास्त मिश्रणात वाटली जाणार. त्यामुळे नुसता आकडा बघू नका. तो आकडा एका वेळी होणाऱ्या वॉफल्सच्या संख्येने भागून बघा. चार कप्प्यांचं 750 वॉटचं मशीन दिसायला फायद्याचं, पण त्यातून कुरकुरीत काही निघणं अवघड.

वॉटइतकंच महत्त्व वजनाला आहे, आणि त्याची जाहिरात फारशी कुणी करत नाही. जड पत्र्यात आधी साठलेली उष्णता असते. मिश्रण पडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात जी उष्णता लागते ती या साठ्यातून येते. तापवणारी तार एवढ्या घाईने ती पुरवू शकत नाही. दुकानात जाऊन घेत असाल तर दोन मशीन हातात उचलून बघा. ऑनलाइन घेत असाल तर माहितीत खाली कुठेतरी वजन दिलेलं असतं, ते शोधा. सारख्याच आकाराच्या दोन मशीनपैकी जड असेल ते घ्या. दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी ते जड मशीनवरच खर्च करा. घंटी, रंगीत दिवे किंवा कार्टूनच्या आकाराचे साचे यांवर नको.

खड्ड्यांची खोलीही बघावी. 'डीप पॉकेट' म्हणजे खोल खड्ड्यांचं. खोल खड्डे म्हणजे पत्र्याला टेकणारा भाग जास्त, म्हणजे कुरकुरीत कवच जास्त, आणि काकवी किंवा मध साठायला जागा. पण खोल साच्यात मिश्रणही जास्त बसतं, म्हणजे उडवायचं पाणी जास्त, म्हणजे वॉट आणि वजनही जास्त हवं. हलक्या, कमी वॉटच्या मशीनला खोल खड्डे असतील तर त्यातून बाहेरून फिकट आणि आत कच्चट राहिलेलं वॉफल निघेल. कमी बजेट असेल तर उथळ साच्याचं मशीन घेणं शहाणपणाचं. पातळ वॉफल लवकर होतं आणि हमखास कुरकुरीत होतं.

तापमान कमी-जास्त करायचं बटण असेल तर उत्तम, कारण गोड आणि तिखट मिश्रणांना वेगवेगळं तापमान मानवतं. साखर जास्त असेल तर रंग लवकर येतो, तिथे आच कमी लागते. उलटता येणारं मशीन, म्हणजे 'फ्लिप', मिश्रण वरच्या साच्यात नीट पोहोचवतं आणि दोन्ही बाजूंना सारखी जाळी पडते. ते छान आहे, पण जागा खातं आणि महागही असतं. पत्रे सुटे करता आले तर धुणं सोपं होतं. पण स्वस्त मशीनमध्ये सुटे पत्रे तापणाऱ्या तारेला नीट टेकत नाहीत आणि उष्णता मध्येच हरवते. चांगल्या प्रतीचं मशीन घेत असाल तरच सुट्या पत्र्यांच्या मागे लागा.

आणि विजेचं. 1000 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आतच वीज ओढतं, म्हणजे घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग मात्र हवंच, कारण हे धातूचं उपकरण आहे आणि आपण ते ओल्या हातांनी हाताळतो. अर्धा तास सलग चाललं तरी जास्तीत जास्त अर्धा युनिट वीज जळते.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून मशीन मागवायचा विचार असेल तर थांबा. तिथली वीज 120 व्होल्टची. तिथलं मशीन आपल्या 230 व्होल्टला जोडलं की ते दुप्पट नाही, जवळजवळ पावणेचारपट उष्णता काढायला जातं, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परिणामी ते काही क्षणांत जळतं, आणि त्यासोबत आग लागण्याचा धोका असतो. प्लगला लावायचं छोटं अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. ब्रिटन, युरोप किंवा आखातातून आणलेलं मशीन मात्र चालतं, तिथली वीज 220 ते 240 व्होल्टचीच असते.

## नॉन-स्टिक, सिरॅमिक की बीड?

बहुतेक घरगुती मशीनच्या पत्र्यांवर पीटीएफई या रसायनाचा नॉन-स्टिक थर असतो. टेफ्लॉन हे त्याचंच एक व्यापारी नाव. लोकांना भीती वाटते ती पीएफओए या दुसऱ्या रसायनाची, जे पूर्वी हा थर बनवताना वापरलं जायचं. 'पीएफओए-फ्री' म्हणजे ते वापरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. थर नॉन-स्टिक नाही असा त्याचा अर्थ नाही.

पीटीएफई साधारण 260 अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतं. विजेचं मशीन थर्मोस्टॅटमुळे सहसा 200 ते 220च्या आसपास थांबतं, त्यामुळे नीट चालणाऱ्या मशीनमध्ये काळजीचं कारण नाही. गॅसवर ठेवायचे नॉन-स्टिक साचे मिळतात, तिथे मात्र हा थर्मोस्टॅट नसतो. रिकामा साचा मोठ्या आचेवर विसरला तर ही मर्यादा ओलांडली जाते. तो धूर माणसालाही त्रासदायक आहे, आणि घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांच्यासाठी प्राणघातक आहे.

सिरॅमिकचा थर जास्त तापमान सोसतो, पण त्याचा निसरडेपणा लवकर संपतो. बिडाचा साचा आयुष्यभर टिकतो, उष्णता भरपूर साठवतो, आणि ज्यांच्याकडे बिडाचा तवा रोजच्या वापरात आहे त्यांना तो सहज जमेल. मात्र तो जड असतो, दोन्ही बाजूंनी उलटत राहावा लागतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तेलाचा हात न लावता ठेवला तर चार दिवसांत गंज धरतो. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी विजेचं, नॉन-स्टिक, जड मशीन घ्यायला सांगेन. बीड ही आवड जडल्यानंतरची पायरी.

## "घरात सँडविच मेकर आहे, तो चालणार नाही का?"

साच्याचे पत्रे बदलता येणारा 3-इन-1 असेल तर चालतो. महिन्यातून एकदा वॉफल करणाऱ्या घराला वेगळं मशीन घ्यायची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याचे पत्रे पातळ आणि खड्डे उथळ असतात, म्हणून दोन गोष्टी करा. दिवा लागल्यावरही आणखी पाच मिनिटं रिकामा तापू द्या, आणि दोन वॉफल्सच्या मध्ये झाकण लावून मिनिट-दोन मिनिटं पुन्हा तापू द्या. साधा त्रिकोणी खाचांचा सँडविच टोस्टर मात्र उपयोगाचा नाही. त्यात गोड, फुगलेली पोळी होईल, वॉफल होणार नाही.

## मिश्रण, आणि त्यातल्या प्रत्येक जिनसाचं काम

सहा मध्यम वॉफल्ससाठी हे प्रमाण घ्या. मैदा 200 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, साखर 25 ग्रॅम. एवढं एका भांड्यात कोरडंच चाळून एकत्र करा. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, 350 मिलिलिटर दूध आणि 70 ग्रॅम पातळ केलेलं साजूक तूप किंवा तेल फेटून घ्या. कोरड्यात ओलं ओता, आणि मैद्याचे पांढरे पट्टे दिसेनासे होईपर्यंतच ढवळा. गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या.

गुठळ्या मोडायचा मोह होतोच, म्हणून त्यामागचं कारण सांगते. मैद्याला पाणी लागून तो घोटला गेला की ग्लूटेन नावाचं लवचीक जाळं तयार होतं. पोळीच्या कणकेला ते हवंच, वॉफलला नको. मिक्सर लावून एकजीव केलेल्या मिश्रणाची वॉफल्स हमखास वातड होतात. दहा मिनिटं झाकून ठेवलं की छोट्या गुठळ्या आपोआप भिजतात.

कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लूटेन नसतं, नुसता स्टार्च असतो. तो सुकला की कडक, पटकन तुटणारा थर बनतो. दुकानात 'मक्याचं पीठ' म्हणून मिळतं ते पिवळं पीठ वेगळं, ते इथे नको. कॉर्नफ्लोअर नसेल तर तेवढीच तांदळाची पिठी घाला, काम फत्ते होतं.

स्निग्ध पदार्थावर हात आखडू नका. तूप किंवा तेल पिठाच्या कणांवर चढतं, ग्लूटेन कमी बनू देतं आणि पत्र्यापासून सुटायलाही मदत करतं. लोण्यापेक्षा तूप किंवा तेल कुरकुरीतपणासाठी सरस, कारण बाजारातल्या बटरमध्ये पंधरा-सोळा टक्के पाणीच असतं आणि आपली सगळी झटापट त्या पाण्याशीच आहे. तूप वापरणार असाल तर दूध आणि अंडी फ्रिजमधून आधी काढून ठेवा. गार दुधात पडलं की तुपाच्या गोळ्या होतात आणि ते सगळीकडे सारखं पसरत नाही.

साखर मात्र मोजून. ती रंग लवकर आणते, म्हणजे आतलं पाणी उडायच्या आधीच वॉफल झालंय असं वाटायला लावते. शिवाय हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे गोड वॉफल लवकर मऊ पडतं. गोडवा वरून घ्या. कोल्हापूरची काकवी या खड्ड्यांत भरून खाऊन बघा, मेपल सिरपची आठवण होणार नाही. मे महिन्यात हापूसचा रस आणि त्यावर चिमूटभर वेलची.

बेकिंग पावडर ताजी आहे का ते आधी तपासा. अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा चमचा टाकली की जोरात फसफसली पाहिजे. नुसतीच दोन-चार बुडबुडे सोडून बसली तर डबा बदला.

## अंडं चालत नसेल तर

अंडं दोन कामं करतं. पांढरा भाग शिजून सांगाडा धरतो, पिवळा भाग स्निग्धता देतो आणि पाणी-तूप एकत्र बांधून ठेवतो. त्याच्या जागी 100 ग्रॅम आंबटसर दही, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा जास्तीचं तेल घाला. दूध 300 मिलिलिटरपासून सुरू करा. डावातून जाड धारेने पडेल इतपत मिश्रण हवं, त्याहून घट्ट वाटलं तर थोडं वाढवा. दह्यातल्या आंबटपणामुळे सोडा लगेच कामाला लागतो, म्हणून हे मिश्रण फार वेळ ठेवू नका. दहा मिनिटांत पहिलं वॉफल लावा. अंड्याशिवाय सांगाडा थोडा नाजूक असतो, एखादं मिनिट जास्त भाजा आणि काढताना घाई करू नका.

## ओतल्यापासून काढेपर्यंत

दिवा हिरवा झाला म्हणजे मशीन तयार, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तो दिवा फक्त तापमान मोजणाऱ्या एका जागेबद्दल सांगतो. पत्र्याच्या कडा अजून मागे असतात. आणखी चार-पाच मिनिटं थांबा. मग ब्रशने तेलाचा अगदी पातळ हात द्या, खड्ड्यांच्या कोपऱ्यांपर्यंत. बाटलीतून फवारायची स्वयंपाकाची तेलं टाळा. त्यांतल्या अनेकांमध्ये लेसिथिन असतं आणि ते तापून पत्र्यावर चिकट, पिवळट थर बसवतं, जो घासून निघत नाही.

मिश्रण डावाने मधोमध घाला. साच्याचा पाऊण भाग झाकला जाईल इतकंच. फुगल्यावर ते कडेला जातं. घातल्यावर पाच-सात सेकंद थांबून मग झाकण लावा, म्हणजे खालचा थर धरतो आणि वरच्या पत्र्याने ते कडेने बाहेर ढकललं जात नाही.

आता वाफेकडे बघा. पहिल्या मिनिटात ती जोरात, पांढरीशुभ्र, चारही बाजूंनी फुसांडत बाहेर येते आणि तिला कच्च्या पिठाचा वास असतो. दोन-तीन मिनिटांनी ती विरळ होते, बिजागरीच्या बाजूने जरा जास्त येते. वास बदलतो, भाजल्या तुपाचा येऊ लागतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला एखाद-दुसरी बारीक रेघ उरते. ती थांबली की वॉफल झालं. घड्याळापेक्षा आणि दिव्यापेक्षा ही खूण पक्की, कारण वाफ थांबली याचा अर्थच पृष्ठभागावरचं पाणी संपलं.

त्याआधी झाकण उचलू नका. ओलं वॉफल वर-खाली दोन्ही पत्र्यांना धरून असतं, झाकण उचललं की मधोमध फाटून त्याचे दोन भाग होतात आणि खड्ड्यांत अडकलेलं पीठ काढत बसावं लागतं. वाफ थांबल्यावर झाकण हलकेच उचला. अडलं तर जोर लावू नका, बंद करून अजून अर्धं मिनिट द्या.

## "दुकानातलं कुरकुरीत असतं, घरचं दोन मिनिटांत मऊ पडतं"

यात बहुतेक वेळा भाजण्याची चूक नसते, ताटलीची असते. गरम वॉफलच्या आत अजून वाफ असते. ते ताटलीत ठेवलं की खालून निघालेली वाफ ताटलीला लागून पुन्हा पाणी होते आणि कवच ते पिऊन घेतं. एकावर एक रचली तर सगळीच ओली होतात. म्हणून वॉफल काढलं की ते जाळीवर ठेवा. वेगळी जाळी नसेल तर पापड भाजायची जाळी दोन वाट्यांवर टेकवली तरी भागतं. सगळ्यांनी एकत्र बसून खायचं असेल तर ओव्हन 100 अंशांवर ठेवून आत जाळीवर ठेवा. तिथली कोरडी गरम हवा कवच टिकवते. डब्यात किंवा फॉइलमध्ये मात्र कधीच बंद करू नका.

दुकानातली मशीनही वेगळी असतात. त्यांचे पत्रे कितीतरी जड आणि दिवसभर तापलेले असतात, आणि तयार मिश्रणांत बऱ्याचदा तेल घरच्यापेक्षा जास्त असतं. तरीही पावसाळ्यात दमट हवेमुळे दुकानातलं वॉफलही लवकरच मऊ पडतं. त्या दिवसांत करायचं आणि लगेच खायचं, दुसरा इलाज नाही.

जास्त झाली तर पूर्ण गार करून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. खायच्या वेळी न वितळवता सरळ पॉप-अप टोस्टरमध्ये टाका. साठलेला ओलावा उडतो आणि कवच परत येतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ती लिबलिबीत होतात.

## मैदाच आहे, मुलांना रोज द्यावं का?

रोज नको. वरच्या प्रमाणातल्या एका वॉफलमध्ये सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी आहेत (या आहारातल्या कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी; वरच्या वाफेच्या गणितातल्या छोट्या कॅलरी नव्हेत), त्यातला मोठा वाटा मैदा आणि तुपाचा. त्यावर चॉकलेट सॉस, आइस्क्रीम घातलं की ते पूर्ण जेवण होतं. अर्ध्या मैद्याऐवजी कणीक घालता येते, तिला 30-40 मिलिलिटर दूध जास्त लागतं. ज्वारीचं पीठ एक तृतीयांशापर्यंत चालतं, त्यापुढे वॉफल भुसभुशीत होऊन तुटतं.

माझ्या घरी सगळ्यात जास्त वेळा मशीन निघतं ते डोशाच्या आंबवलेल्या पिठासाठी. पीठ जरा घट्ट ठेवायचं, त्यात चमचाभर तेल, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर. साखर नसल्याने रंग उशिरा येतो, सहा-सात मिनिटं लागतात. पण तांदळामुळे कवच असं खुसखुशीत होतं की मुलं चटणीबरोबर तीन-तीन खातात. थालीपिठाची भाजणीही निम्मी-निम्मी मैद्यात मिसळून बघा.

## मशीन टिकवायचं तर

गरम असतानाच कधी पाणी टाकू नका, थर सोलवटतो. कोमट झाल्यावर कोरड्या कागदाने तेल टिपा, मग ओल्या फडक्याने पुसा. खड्ड्यात पीठ अडकलं असेल तर त्यावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून झाकण लावा, पीठ भिजून सुटतं. मग लाकडी काडी किंवा मऊ टूथब्रश वापरा. चाकूचं टोक, स्टीलचा चमचा, तारेची घासणी हे सगळं वर्ज्य. न सुटणारे पत्रे असलेलं मशीन नळाखाली धरायचं नाही, आत विजेच्या तारा असतात. लिएजसारखी साखरेच्या खड्यांची वॉफल्स नाजूक नॉन-स्टिकवर करू नका. वितळलेली साखर गार होताना थरासकट निघते. पुसून झालं की झाकण तासभर उघडं ठेवून पूर्ण वाळवा आणि मगच खोक्यात घाला, नाहीतर आत राहिलेल्या तेलाला खवट वास येतो आणि तो पुढच्या खेपेच्या पहिल्या वॉफलला लागतो.